धूळपाटीवर भालकी

कर्नाटकातल्या भालकीत बसून मराठीत काही विचारलं की गूगल आधी महाराष्ट्रात नेऊन सोडतो. शेताचा उतारा कसा काढायचा विचारा, तो सातबारा दाखवतो. दाखल्याचं विचारा, सेतू केंद्राचा रस्ता सांगतो. पोरगी दहावी झाली, पुढं काय, म्हटलं तर अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या मोजून देतो. आमच्याकडं यातलं काहीच नाही. इथं सातबाऱ्याच्या जागी पहाणी आहे आणि ती ‘भूमी’च्या खिडकीवर कन्नडमध्ये छापून मिळते. दाखल्यांना नाडकचेरी आहे, अकरावीच्या जागी पीयूसी आहे. प्रश्न कन्नडमध्ये टाकला तर उत्तर बरोबर येतं, पण मग ते वाचायला घरातल्या शाळकरी पोराला हाक मारावी लागते. म्हणजे भाषा बरोबर असली की राज्य चुकतं, राज्य बरोबर असलं की भाषा.

२०२३ साली हे फारच गमतीचं झालं होतं. मार्चमध्ये तिकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, जूनमध्ये इकडं ‘शक्ती’ योजनेत आमच्या सरकारी बसचं तिकीट बायकांना माफ झालं. उदगीरला माहेर असलेल्या भालकीच्या सुनांनी ह्या दोन्हींचा मेळ कसा घातला, कुठली बस कुठवर, कुठं कुठलं कार्ड दाखवायचं, ते सगळं बसस्टँडच्या बाकड्यावर ठरलं आणि बाकड्यावरूनच घरोघरी गेलं. ते कुणी लिहून काढलं असतं तर आज छापण्याजोगं झालं असतं.

माहिती नाही अशी आमची तक्रार कधीच नव्हती. माहिती माणसांत आहे, ही अडचण. तहसील कचेरीच्या फाटकाशी एक अर्जनवीस चाचा बसतात. अर्जनवीस हा निजामाच्या कारभारातला धंदा, निजाम गेला तरी धंदा राहिला. समोरचा माणूस पाहून ते भाषा काढतात. धोतराला ‘काय पायजे अप्पा’, इस्त्रीच्या शर्टाला ‘एन् बेक्री’, बाकी सगळ्यांना ‘क्या होना’. कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर, साहेब कुठल्या वारी बसतात, नावात एक काना जास्त झाला तर कोणतं शपथपत्र, हे त्यांना पाठ आहे. सांगायचे ते पैसे घेत नाहीत, लिहून द्यायचे घेतात. हा हिशेब मला नेहमी न्यायाचा वाटत आला आहे.

‘३७१-जे’चं उदाहरण घ्या. २०१२ सालच्या ९८व्या घटनादुरुस्तीनं आमच्या भागासाठी, म्हणजे जुन्या हैदराबाद-कर्नाटकासाठी, हे कलम आलं. तेव्हाचे सहा जिल्हे: बीदर, गुलबर्गा, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी. त्यानं इथल्या मुलांना कॉलेजांत आणि नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मातृभाषा विचारत नाही. जन्म इथला की नाही, राहणं किती वर्षांचं, असलं पाहतं. आता भालकी तालुक्यातल्या मराठी आईला हे कळणार कुठून? मराठी वर्तमानपत्रं बहुतेक सोलापूर-लातूरकडची, त्यांच्या वाचकाला ह्या कलमाशी देणंघेणं नाही. कन्नड पेपर तिच्या घरी येत नाही. तिला ते शेजारणीकडून कळतं. शेजारीण चांगली असली तर वेळेत कळतं.

शेजारणीवर अवलंबून नसलेली एक सोय जगात १९९५ सालापासून आहे. २५ मार्च १९९५ ला वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं पहिलं विकि सुरू केलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांना आपापल्या कामातल्या युक्त्या एकमेकांना सांगायच्या होत्या. प्रत्येकानं पत्र पाठवायचं आणि कुणी एकानं ते छापायचं, यात वेळ जात होता. कनिंगहॅमनं पानालाच कळ लावली: वाचणाऱ्यानं तिथल्या तिथं दुरुस्त करावं. नाव घेतलं होनोलुलूच्या विमानतळावरल्या बसचं, ‘विकि विकि’, हवाई बेटांच्या भाषेत ‘लवकर लवकर’. पुढं २००१च्या जानेवारीत त्यातूनच विकिपीडिया निघाला आणि १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया. तारीख महाराष्ट्र दिनाची आहे, पण तो महाराष्ट्राचा नाही. तो मराठीचा आहे. भालकीच्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, पुण्याच्या माणसाला कधीकधी सांगावा लागतो.

कोशाची आपल्याकडं मोठी परंपरा आहे. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळ लिमिटेड काढून भांडवल गोळा केलं आणि २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून विश्वकोशाचा डोंगर उचलला, पहिला खंड १९७६ला आला. त्याच्याही मागं जायचं तर आमच्या बीदरचा महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२चा. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. १६९६ साली बारुदीचा स्फोट झाला आणि इमारतीचा दर्शनी भाग अर्धा उडाला. आता निळ्या-हिरव्या फरशांचा एक मनोरा उभा आहे, दुसऱ्याची जागा मोकळी. ह्या सगळ्यांनी विद्वानांचं ज्ञान जमवलं आणि ते जमवायलाच हवं होतं. पण कुठल्या खिडकीवर पहाणी मिळते, हे कुठल्याही खंडात कधी येणार नव्हतं, आणि आलंच असतं तर खंड बांधून होईपर्यंत खिडकी हलली असती.

आता कुणी म्हणेल, त्यासाठी व्हॉट्सॲप आहे की. आहे. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ‘३७१-जे’चा प्रश्न दरवर्षी निकालाच्या आठवड्यात येतो. कुणीतरी उत्तर देतो, चांगलं देतो. मग त्यावर वाढदिवसाचे केक येतात, श्रद्धांजल्या येतात, आणि उत्तर वर सरकून जातं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, नवा माणूस, उत्तर पुन्हा पहिल्यापासून. चुकीचं उत्तर तर फारच वाईट. ते चार ग्रुपांत जातं, दुरुस्ती एकाच ग्रुपात राहते. विकीत दुरुस्ती चुकीच्या अंगावर बसते. ज्यानं चूक वाचली असती त्याला आता दुरुस्तच दिसतं, आणि आधी काय होतं ते पाहायचं असेल तर ‘इतिहास’ म्हणून एक खिडकी आहे, तिच्यात प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट मांडून ठेवलेला असतो. तिच्यात प्रत्येक बदलाशेजारी ‘उलटवा’ असंही लिहिलेलं असतं.

ही ‘उलटवा’ची कळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या मनात नकाशा आला. सीमाभागातल्या माणसाच्या मनात तो फार लवकर येतो, माफ करा. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा तुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सीमाप्रश्नावर १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ला त्याचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, २००४ला त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. ५६चा तो बदल करताना इथल्या गावांत, विकीवर असतं तसं, चर्चेचं पान कुणी उघडलं नव्हतं.

विकिपीडियावर मात्र भालकीला एका बाजूला जावं लागत नाही. कन्नडमध्ये तिचं पान असू शकतं, मराठीत असू शकतं, उर्दूत असू शकतं, आणि २०१२ पासून विकिडेटा नावाच्या खतावणीत ह्या सगळ्यांचा एकच खाते-क्रमांक असतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर तर एकाच ठिपक्याला तिन्ही भाषांतली नावं जोडता येतात. मेहकर, साईगाव, हलबर्गा, भातंब्रा ही गावं एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, एकदा उर्दूत लिहा, ठिपका तोच. फक्त दखनीला अजून स्वतःचा विकिपीडिया नाही. आमच्या अर्ध्या बाजाराची जी बोली आहे, जिच्यात चाचा जगाशी बोलतात, तिचं काही लिहायचं तर ते लाहोर-लखनौच्या उर्दूत लिहावं लागतं, आणि तसं लिहिलं की ते चाचांचं राहत नाही.

तीन भाषांत तीन पानं असली म्हणजे तीन भालक्या होतात, हाही धोका खराच. कन्नड माणूस भालकी म्हटलं की आधी हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंचं नाव घेईल. ते जन्मानं कमळनगरचे, शंभरी ओलांडून जगले. निजामाच्या राजवटीत बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवणारे म्हणून कर्नाटकभर त्यांचा मान आहे. मराठी माणूस महाराष्ट्र एकीकरण समितीपासून सुरुवात करील, सीमाप्रश्नापर्यंत जाईल आणि मठ विसरेल. मला वाटतं ह्या पानांचा खरा उपयोग एकमेकांची पानं वाचण्यात आहे. पट्टद्देवरूंनी उर्दू पाटीमागं जे केलं ते काय असतं, हे भालकीतल्या मराठी शाळेच्या मास्तराइतकं दुसऱ्या कुणाला कळेल? पण ते त्याला सांगणारं चार ओळींचं मराठी कुणीतरी लिहावं लागतं.

विकिपीडियाचा एक नियम सीमाभागाला औषधासारखा आहे. पानानं स्वतः बाजू घ्यायची नाही. महाराष्ट्राचा दावा असा, कर्नाटकाची भूमिका अशी, एवढं सांगून गप्प बसायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर तुमचा हात धरतात. भांडण बंद होत नाही, ते चर्चेच्या पानावर जातं. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी बोलायच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि नवख्यानं हात बसवायच्या पानाला ‘धूळपाटी’. नावं कुणी ठेवली त्याला माझा नमस्कार. धूळपाटीवर अक्षर पुसायची लाज नसते.

इथपर्यंत सगळं गोड. पुढं येळवस आडवी येते.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गाव रिकामं होतं. वेळ अमावस्या म्हणा, येळवस म्हणा, शेजारची लिंगायत अक्का एळ्ळ अमावास्ये म्हणते. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंतचा हा सण, नोव्हेंबर ५६च्या रेघेला त्यानं अजून ओळखलेलं नाही. तिकडं लातूरचा कलेक्टर स्थानिक सुटी देतो, इकडं सुटी असो नसो, दुकानांच्या फळ्या-शटरं उघडत नाहीत. शेतात कडब्याची कोप उभी राहते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. आंबील आधीच आंबवायला घातलेली असते, ज्वारीचं पीठ आणि ताक. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाची पोळी, वांग्याचं भरीत आणि सगळ्यांच्या मध्ये भज्जी. तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणा, हरभरा, भुईमूग, पालेभाज्या, शेतात आणि बाजारात जे हिरवं सापडेल ते. चिंचेचं पाणी आणि बेसन लावून आळवलेली. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात. न बसणारा माणूस बाहेरचा, एवढी साधी परीक्षा.

आमच्या गल्लीतली मावशी ह्या भज्जीची अधिकारी व्यक्ती. चिंच आधी की बेसन आधी यावर तिचा आणि अक्काचा वाद मी लहानपणापासून ऐकतो. मावशी म्हणते, चिंच आधी पडली की दाणे शिजायचं विसरतात. अक्का म्हणते, बेसन आधी लावलं की बुडाला धरतं, मग चिंचेनं काय तोंड धुवायचं? दोघी आपापल्या मतावर ठाम, आणि दर येळवशीला एकमेकींची भज्जी वाटीवाटीनं मागून खातात.

हे विकिपीडियावर लिहायला जा. सणाचं नाव कुठलं घ्यायचं हा प्रश्न सोपा आहे; एका नावाचं पान, बाकी नावांची पुनर्निर्देशनं, कुणीही कुठल्याही नावानं आला तरी त्याच शेतात पोचतो. पण पहिलं वाक्य लिहिलं की मागं चौकटी कंसात येतं: ‘संदर्भ हवा’. प्रकाशित संदर्भ. पुस्तक, नियतकालिक, वर्तमानपत्र. मावशीला सही येते, तीही वाकडी. तिच्या चाळीस-पन्नास येळवशी विकिपीडियाच्या लेखी शून्य. उद्या एखाद्या पेपरच्या बातमीदारानं तिलाच विचारून अर्धा कॉलम लिहिला की तो संदर्भ, मग तो चिंच-बेसनाचा क्रम उलटा का लिहीना.

ह्या दुखण्यावर २०११ साली एक प्रयोग झाला. अचल प्रभला आणि त्यांच्या सोबत्यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी ह्या तीन भाषांत गावोगावी जाऊन खेळ, विधी, पदार्थ जाणणाऱ्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि तेच संदर्भ म्हणून लेखांना जोडले. त्यावर ‘पीपल आर नॉलेज’ नावाचा माहितीपटही निघाला. विकिपीडियाच्या मोठ्या मंडळींनी ही वाट काही हमरस्ता होऊ दिली नाही. मावशीची बाजू घेऊन त्यांना नावं ठेवावीत असं मला पुष्कळदा वाटतं, आणि दर वेळी १९४८ आठवतं.

१९४८चं आमच्या भागात प्रत्येक घराचं वेगळं आहे. मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरट्यात रझाकारांनी जे केलं ते एका घरात सांगतात. सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर जे झालं, ज्यासाठी पंडित सुंदरलालांची समिती हिंडली आणि जिच्या अहवालात बीदरचं नाव सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत आहे, ते दुसऱ्या घरात सांगतात. ‘आमचे आजोबा सांगायचे’ हा संदर्भ चालू केला तर चावडीवर दोन्ही घरांचे आजोबा येऊन उभे राहतील, आणि उलटवा-उलटवी शतकभर संपायची नाही. तिथं मला कागद हवा. तारीख, शिक्का, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं हवं.

मग भज्जीला वेगळा न्याय का? मला सुचतं ते एवढंच की भज्जी करून पाहता येते. १९४८ करून पाहता येत नाही. मावशीचं खरं की अक्काचं, हे कुणालाही दोन पातेली ठेवून संध्याकाळपर्यंत ठरवता येतं. नाडकचेरीची खिडकी कुठली, हे जाऊन पाहता येतं. रोजच्या कामाच्या ज्ञानाला त्याचा वापरच साक्षीदार असतो. चुकीचं असेल तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी चिडून परत येतो. जे गेलं, जे पुन्हा घडवून पाहता येत नाही, त्याला कागदाचा आधार लागतो. दोन्हींना एकाच गजानं मोजायचा हट्ट धरला की एकीकडं मावशी बाहेर राहते, दुसरीकडं अफवा आत येते. विकिपीडिया हा कोश आहे, त्यानं आपला गज सोडू नये. पण विकि म्हणजे तेवढाच कोश नव्हे. कनिंगहॅमचं पहिलं विकि कोश नव्हतंच; काम करणाऱ्यांनी काम करणाऱ्यांना सांगितलेल्या गोष्टी होत्या. विकिपीडियाच्याच कुटुंबात विकिबुक्स आहे, ‘कसं करावं’ ते लिहायला. भज्जीनं तिथं जावं.

आणि ‘३७१-जे’नंही. तिथंच द्यायचं म्हणून सध्या धूळपाटीवर लिहितो आहे: भालकी तालुक्यातल्या माणसानं पहाणी, उत्पन्नाचा दाखला आणि ‘३७१-जे’चं प्रमाणपत्र कसं काढावं. मराठीत, पण खिडकीवरचे कन्नड शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवून, कारण पाटी कन्नडमध्ये असते आणि तो शब्द कानाला ओळखीचा असेल तरच माणूस बरोबर रांगेत उभा राहतो. पुण्यातल्या एखाद्या संपादकानं तिथं शुद्ध मराठी प्रतिशब्द घातले तर मी ते उलटवणार आहे, चोवीस तासांत तीनदापर्यंत.

लिहिताना एक गोष्ट खुपत होती. हे सगळं ज्ञान चाचांचं. बाकड्यावरच्या माणसाचं दुकान फोनवर फुकट उघडून ठेवायचं म्हणजे काय? सरळ त्यांनाच विचारलं.

“लिखो की,” चाचा म्हणाले. “पढ के भी मेरेकनेच आते लोगां. सही जगा पे दस्तखत कौन करवाता?”

देवनागरी त्यांना सवयीची नाही. उर्दू आणि कन्नड वाचतात. मग मीच वाचून दाखवलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं झाली, एक नाव-दुरुस्तीचं, एक विधवा पेन्शनचं. फीचा आकडा आला तसा त्यांनी हात वर केला. आकडा काढा, म्हणाले, तो बदलतो. खिडकीवर विचारा असं लिहा. साहेबांचा वार लिहू नका, साहेब बदलले की वार बदलतो. शाळेचे दाखले कन्नडमध्ये नसून मराठीत असले तर काय करायचं ते मी लिहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, भालकीत अर्ध्या लोकांची गाडी तिथंच अडते. आणि शेवटी, हे कुठल्या तारखेचं आहे ते वर मोठ्या अक्षरात घाला.

रात्री आकडा काढला, वार काढला, दाखल्यांचा परिच्छेद वाढवला, वर तारीख घातली. पान जतन करताना खाली सारांशाची एक चौकट येते, बदल कशासाठी केला ते लिहायची. तिच्यात लिहिलं: तहसील फाटकावरच्या अर्जनवीसांच्या सांगण्यावरून दुरुस्ती.